चोर म्हणालो त्याची नोटीस आली, भिकारडं म्हणाला त्याचं काहीच नाही

ऑगस्ट २०२४, रात्रीचे पावणेबारा. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, म्हणजे गच्ची थेट डोक्यावर. मे महिन्यातच सोसायटीने गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं होतं, त्याचे सगळ्यांनी वेगळे पैसे भरले होते, आणि तरी माझ्या बेडरूमच्या छताला हा भला मोठा ओला डाग आणि खाली बादली. टप, टप, टप. ते ऐकत ऐकत मी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाइप केलं, आणि नंतर कोर्टाच्या कागदांत ते इतक्या वेळा वाचलंय की पाठ झालंय:

"वॉटरप्रूफिंगच्या बिलात सेक्रेटरींनी हात मारलाय. चोर आहे हा माणूस. आणि अक्कल तर गुडघ्यातसुद्धा नाही."

पाठवलं आणि बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फारच बरं वाटलं.

सेक्रेटरी काका जागेच होते. सत्तरीचे आहेत, मला कॉलेजात असल्यापासून ओळखतात, त्यामुळे अरेतुरेच करतात. चार मिनिटांत उत्तर आलं: "तुझ्या बापाने तरी कधी वेळेवर मेंटेनन्स भरला होता का? भिकारडं खानदान."

वडील जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी ते वाचलं आणि कानात नुसतं सूं झालं. बायकोने फोन हातातून काढून घेतला नसता तर मी खाली जाऊन त्यांचं दार वाजवणार होतो, आणि पुढे काय झालं असतं मला माहीत नाही (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते लागणारे).

सकाळी शहाणपण सुचलं आणि मी माझा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट केला. काही उपयोग नाही. ग्रुपवर ११२ लोक, त्यातल्या निदान पन्नास जणांकडे स्क्रीनशॉट. ज्यांना पार्किंगच्या मीटिंगला यायला वेळ नसतो त्यांना रात्री बारा वाजता स्क्रीनशॉट काढायला बरोबर वेळ असतो. ग्रुपचा अॅडमिन बिचारा माझ्याहून जास्त घाबरला, त्याला वाटलं आपण पण आत जाणार. त्याने ग्रुप 'फक्त अॅडमिन लिहू शकतील' असा करून टाकला. २०२१ मध्ये आपल्याच हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलंय की मेंबरने काय लिहिलं याची जबाबदारी निव्वळ अॅडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही, पण हे मला नंतर कळलं, आणि त्याला सांगितल्यावरही त्याने ग्रुप उघडला नाहीच.

तर मी गेलो पोलीस स्टेशनला. हो, मीच आधी गेलो! डोक्यात एकच, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलतो म्हणजे काय, याला सोडायचं नाही. आपण आधी काय लिहिलं होतं हे डोक्यातून पार पुसलं गेलेलं.

ड्युटीवर एक वयस्कर साहेब होते. टेबलाच्या काचेखाली एक लॅमिनेट केलेला तक्ता, डावीकडे जुनी कलमं, उजवीकडे नवीन, कारण १ जुलैला आयपीसी (जुनी भारतीय दंड संहिता) जाऊन बीएनएस (नवी भारतीय न्याय संहिता) आलेली आणि त्याला दोन महिनेपण झाले नव्हते. त्यांनी मेसेज वाचला, च्च केलं, मग बोट तक्त्यावरून खाली नेत नेत म्हणाले, "५०४... ५०४ म्हणजे आता ३५२. एनसी होईल, अदखलपात्र गुन्ह्याची नोंद."

मी म्हटलं साहेब, एफआयआर?

"एफआयआर नाही होत. अदखलपात्र आहे. एनसी घेतो, नक्कल देतो, पुढे तपास पाहिजे तर कोर्टाची परवानगी आणा."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा अजिबात पटलं नव्हतं. ३५२ नुसत्या अपमानाला लागत नाही. मुद्दाम अपमान केला पाहिजे, आणि तो असा पाहिजे की समोरचा भडकून शांतता मोडेल किंवा काही गुन्हा करून बसेल, आणि असं व्हावं हा हेतू तरी पाहिजे किंवा होईल हे माहीत तरी पाहिजे. "तुम्ही काय केलंत भडकून?" मी म्हटलं काही नाही, बायकोने फोन काढून घेतला. "मग चांगलं केलं वहिनींनी," म्हणाले आणि लिहायला लागले.

आता बघा गंमत. मी शांत राहिलो म्हणून माझी केस कच्ची? हे मी नंतर वकिलांना विचारलं. तर म्हणे तसं नाही, तुम्ही प्रत्यक्ष मारामारी केली का हा प्रश्न नसतो, शब्द त्या ताकदीचे होते का हा असतो. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये हे सांगितलंय, आणि २०२३ मध्ये परत सांगितलंय की नुसती शिवीगाळ, उद्धटपणा, असभ्यपणा म्हणजे ५०४ होत नाही. थोडक्यात माझ्या कानात सूं झालं हे कायद्याला मोजता येत नाही. मी दारापर्यंत गेलो असतो तर कदाचित मोजता आलं असतं, पण मग मीच आत गेलो असतो.

माझ्यासोबत शेजारचा एक मुलगा आला होता, तो म्हणाला साहेब आयटी अॅक्ट लावा ना, ६६अ. साहेब हसले. "ते मेलं रे २०१५ लाच." आणि खरंच, २४ मार्च २०१५ ला सुप्रीम कोर्टाने ते कलमच रद्द केलं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या कलमात 'अपमान' हा शब्द होता, 'त्रास' आणि 'गैरसोय' हेही होते, म्हणजे कुणाला तुमच्या पोस्टचा त्रास झाला तर तीन वर्षांपर्यंत आत. २०१२ मध्ये पालघरला दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून पकडलं होतं, एकीने लिहिलं आणि दुसरीने फक्त लाइक केलं, ते आठवत असेल बऱ्याच जणांना. तेव्हा मी काय चिडलो होतो! चार मित्रांना फोन करकरून सांगितलं होतं की या देशात बोलायची सोय नाही. आणि आता त्याच कलमासाठी मी पोलीस स्टेशनच्या बाकड्यावर हळहळत होतो की अरेरे, राहिलं असतं तर काकांना लावता आलं असतं.

एनसी झाली. वर दोन दिवसांनी आम्हा दोघांना पोलिसांची नोटीस, जिला सगळे अजून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेवरून १४९ ची नोटीस म्हणतात, नव्या संहितेत ती १६८ ची आहे. दोघांनी शांत राहा, काही घडलं तर तुम्ही जबाबदार. दोघांना सेम कागद. मला वाटलं संपलं.

पंधरा दिवसांनी स्पीड पोस्टने जाडजूड पाकीट आलं. काकांच्या वकिलांची नोटीस. तुम्ही आमच्या अशिलांची अब्रू घालवली, सात दिवसांत बिनशर्त जाहीर माफी मागा आणि २५ लाख भरपाई द्या, नाहीतर बीएनएस ३५६ खाली फौजदारी आणि वर दिवाणी दावा. पंचवीस लाख! मी तो आकडा तीनदा वाचला, बायकोला शून्यं मोजायला लावली.

माझी पहिली प्रतिक्रिया काय असावी? "फ्री स्पीच आहे." हे मी बायकोला म्हणालो, शेजाऱ्याला म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी वकील मॅडमच्या ऑफिसात पण म्हणालो. मॅडम तिशीच्या असतील, फार शांत बाई. त्यांनी कपाटातून राज्यघटनेचं एक छोटं पुस्तक काढलं, १९ वं कलम उघडलं आणि माझ्यासमोर सरकवलं. १९(१)(अ) मध्ये बोलण्याचं स्वातंत्र्य. मी म्हटलं बघा. त्या म्हणाल्या खालचं वाचा.

१९(२). कशाकशासाठी हे स्वातंत्र्य वाजवी प्रमाणात आवळता येतं त्याची यादी. देशाचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परदेशांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाला चिथावणी. आठ गोष्टी. मी बोटांवर मोजल्या.

"यात अपमान शोधा," मॅडम म्हणाल्या.

नाहीये. कोर्टाचा अवमान आहे, पण साध्या माणसाचा अपमान त्या यादीत नाही. अब्रुनुकसानी आहे. माझ्या मते हे दोन्ही एकच होतं, आयुष्यभर मी हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरत आलो होतो. अपमान झाला की तो सरळ कायद्याच्या कक्षेत येत नाही, तो सुव्यवस्थेच्या दारातून यावा लागतो (म्हणून ते भडकून शांतता मोडण्याचं भानगडीचं वाक्य), किंवा नीतिमत्तेच्या, किंवा अब्रुनुकसानीच्या. काही ठिकाणी कायद्याने मुद्दाम वेगळं दार ठेवलंय, जसं बाईच्या लज्जेचा अपमान होईल असं बोललं तर ७९ कलम, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला लोकांच्या देखत अपमानित केलं तर अॅट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा. तिथे अपमान हाच गुन्हा, आणि ते का तसं आहे हे वेगळं सांगायला नको, त्या अपमानांचा इतिहासच तसा आहे. पण दोन मध्यमवर्गीय पुरुष गच्चीच्या गळतीवरून एकमेकांना घालूनपाडून बोलतायत, त्यांच्यासाठी असं दार नाही.

मग मॅडमनी माझा मेसेज समोर ठेवला आणि पेन्सिलने एकेका वाक्याखाली रेघ मारली.

"अक्कल गुडघ्यात नाही, हे सोडा. हे मत आहे. वाईट मत आहे, पण कुणी हे वाचून असं समजणार नाही की यांची अक्कल खरंच मोजली आणि ती निघाली नाही. यात अब्रुनुकसानी नाही."

दुसरी रेघ. "चोर आहे, हे एकटं असतं तर रागात म्हटलं म्हणून थोडंफार भांडता आलं असतं."

तिसरी रेघ त्यांनी दोनदा मारली. "बिलात हात मारलाय. हे तुमचं खरं संकट. कुठलं बिल, कुणी, काय केलं, सगळं आहे यात. हा आरोप आहे."

म्हणजे मला जे वाक्य सगळ्यात सभ्य वाटत होतं, ज्यात एकही शिवी नव्हती, तेच अडकवणार. मी म्हटलं पण खरं असेल तर? तर म्हणे कायद्यात दहा अपवाद आहेत, पहिलाच सत्याचा, पण नुसतं खरं असून चालत नाही, ते सांगणं लोकांच्या भल्याचं पण असावं लागतं, आणि दोन्ही तुम्ही सिद्ध करायचं. मेंबर म्हणून तुमच्या हिताचं रक्षण करायला सद्भावनेने बोललात असा पण अपवाद आहे, फक्त सद्भावना म्हणजे मन साफ होतं एवढंच नाही, नीट चौकशी करून, काळजी घेऊन बोललात का. "काय चौकशी केली होती?"

बादली बघितली होती.

आणि अजून एक, हेच मी काकांना एकट्याला पर्सनलवर पाठवलं असतं तर अब्रुनुकसानी झालीच नसती, कारण ती तिसऱ्याच्या कानावर गेल्याशिवाय होत नाही. माणसाची अब्रू ही त्याच्या स्वतःकडे नसतेच म्हणे कायद्याच्या दृष्टीने, ती इतरांच्या डोक्यात असते. ११२ डोकी.

२५ लाखांवर मात्र मॅडम हसल्या. तेवढ्याचा दिवाणी दावा टाकायचा तर त्या रकमेच्या हिशोबात कोर्ट फी भरावी लागते, आणि तो एका वर्षात टाकावा लागतो, बघू किती उत्साह टिकतो. फौजदारीला तीन वर्षं असतात आणि खर्च कमी, त्यामुळे ते फौजदारीच करतील. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा दोन्ही, आणि नवीन कायद्यात समाजसेवापण. समाजसेवा ऐकून बायको म्हणाली हे बरंय, आधी घरी येऊन करा.

मी विचारलं की हे असं बोलण्यावरून जेलमध्ये टाकणारं कलम अजून कसं आहे, कुणी आव्हान नाही दिलं? दिलं की. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं, म्हणाले प्रतिष्ठा हा पण जगण्याच्या हक्काचा भाग आहे, कलम २१. मजा अशी की ज्या साहेबाने १८६० साली आपल्याला हे पीनल कोड दिलं त्याने स्वतःच्या देशात, म्हणजे इंग्लंडमध्ये, २००९ च्या कायद्याने हा गुन्हा काढून टाकलाय, तिकडे आता फक्त दिवाणी दावा. मला स्वतःला तेच योग्य वाटतं, पैशाचं भांडण पैशात मिटावं. पण हे मी आरोपी होतो म्हणून वाटतंय का हे पण स्वतःला विचारलं, आणि खात्रीने नाही म्हणता आलं नाही.

त्या दिवसांत रात्री झोप यायची नाही आणि मी मोबाइलवर असलंच काही वाचत बसायचो. टिळक-आगरकरांची डोंगरीची गोष्ट शाळेत ऐकलेली, १०१ दिवस तुरुंग. मला इतकी वर्षं वाटायचं की तो राजद्रोह होता. नाही! १८८२ ची ती केस अब्रुनुकसानीची होती. कोल्हापूरच्या महाराजांना दिवाण बर्वे छळतात असं पेपरात छापलं, ज्या पत्रांच्या भरवशावर छापलं ती बनावट निघाली, यांनी माफी मागायची तयारी दाखवली तरी बर्व्यांनी केस मागे घेतली नाही. त्यांनी निदान पत्रं तरी बघितली होती, मी म्हटलं.

मग मॅडमना दाखवला काकांचा मेसेज, ज्यासाठी मी मुळात पेटलो होतो. त्यांनी परत पेन्सिल घेतली. 'भिकारडं खानदान' वर काट. "हे तुमच्या अक्कलवाल्या वाक्यासारखंच. शिवी आहे, आरोप नाही." आणि मला जे वाक्य खरं तर लागलंच नव्हतं, मेंटेनन्सवालं, त्याखाली रेघ. "वडील वेळेवर भरायचे का?"

भरायचे का म्हणजे काय. आमच्या वडिलांनी आयुष्यात लायब्ररीचं पुस्तक कधी उशिरा परत केलं नाही.

"मग हे बघा." गेलेल्या माणसाची पण अब्रुनुकसानी होऊ शकते. तो जिवंत असता तर त्याची अब्रू गेली असती असा आरोप असेल आणि घरच्यांच्या भावना दुखवायचा हेतू असेल, तर ३५६ खाली येतं, कलमातच स्पष्टीकरण दिलेलं आहे. "पावत्या आहेत?"

त्या रात्री वडिलांचं कपाट उघडलं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. त्यांची ती निळी बॉक्स फाइल, तिच्या कडेला त्यांच्या अक्षरात 'सोसायटी', आणि आत बावीस वर्षांच्या पावत्या, वर्षावर्षाचा गठ्ठा वेगळा, प्रत्येक गठ्ठ्याला रबर, जुनी रबरं वितळून कागदाला चिकटलेली. मी जमिनीवर बसून एकेक बघत गेलो. कधी २ तारीख, कधी ३ तारीख, कुठेही ५ तारखेच्या पुढे नाही. बाबांना अॅडमिट केलं होतं त्या महिन्याची पण आहे, ती आईने भरलेली असणार. आणि प्रत्येक पावतीच्या खाली उजवीकडे तीच वळणदार सही. सेक्रेटरी काकांची.

मी बराच वेळ तिथेच बसलो होतो.

दुसरं एक काम मॅडमनी लावलं, सोसायटीकडे रीतसर अर्ज देऊन वॉटरप्रूफिंगचे कागद बघायला मागायचे, मेंबरला तो हक्क असतो. महिना घालवला त्यांनी, पण दाखवले. तीन कोटेशन होती. बिल, चेक, मोजमाप, सगळं जागेवर, पैसे ठेकेदाराच्याच खात्यात गेलेले. हात मारल्याचं कुठेही दिसेना. पण तीनपैकी दोन कोटेशन वेगवेगळ्या लेटरहेडवर असूनही एकाच हस्ताक्षरात होती, 'स्क्वेअर फूट' लिहिताना दोन्हीकडे सेम चूक. म्हणजे ठेकेदाराने स्वतःच दुसऱ्याच्या नावाने कोटेशन लावलेलं असणार आणि कमिटीने न बघता पास केलं असणार. काकांना पैसे मिळाले याचा काडीचा पुरावा नाही, पण प्रश्न विचारायला भरपूर जागा. 'तीनपैकी दोन कोटेशन एकाच अक्षरात कशी?' एवढंच मी त्या रात्री ग्रुपवर विचारलं असतं तर ११२ लोक माझ्या बाजूने उभे राहिले असते आणि कुठलाही वकील काही करू शकला नसता. आता तोच प्रश्न मी विचारला तर सगळ्यांना वाटणार केसमधून सुटायला धडपडतोय.

नोटिशीला उत्तर गेलं, त्यात पावत्यांचा उल्लेख. तरी त्यांनी नोव्हेंबरात मॅजिस्ट्रेट कोर्टात खाजगी तक्रार टाकली. अब्रुनुकसानीत पोलीस येत नाहीत, ज्याची अब्रू गेली त्याने स्वतःच कोर्टात जायचं असतं. जानेवारीत मला कोर्टाची नोटीस आली, समन्स नाही, नोटीस. हा नवीन प्रकार आहे, पूर्वी आरोपीला थेट समन्सच यायचं, आता बीएनएसएस म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी आरोपीला ऐकून घ्यावं लागतं. मॅडमच्या मते हा फार चांगला बदल, इथेच बरीच भांडणं गळतात.

कोर्टाबद्दल फार लिहीत नाही, ज्यांनी पाहिलंय त्यांना माहितीय आणि ज्यांनी नाही त्यांनी सुखात राहावं. सकाळी साडेदहाला जायचं, पुकारा होईपर्यंत बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. एकदा जज रजेवर, एकदा त्यांचे वकील दुसऱ्या कोर्टात, एकदा स्क्रीनशॉटला जोडायचं प्रमाणपत्र राहिलं म्हणून. चौथ्या तारखेला मी आणि काका बाहेरच्या एकाच बाकड्यावर आलो, कारण दुसऱ्या बाकड्यावर जागाच नव्हती. मध्ये एक पिशवी ठेवण्याएवढं अंतर.

वीस मिनिटं कुणी बोललं नाही. मग काका समोर बघतच म्हणाले, "चोर म्हणालास ना, म्हण. हिशोब आहे माझ्याकडे, तू बघितलास पण. पण अक्कल काढलीस रे माझी. सगळ्यांसमोर. सून आहे माझी त्या ग्रुपवर."

मी काही बोललोच नाही. मला इतके महिने वाटत होतं की यांना 'चोर' झोंबलंय. त्यांच्या वकिलाने अठरा पानी तक्रारीत ज्या वाक्याला अर्धी ओळ दिली होती, आणि माझ्या वकिलाने पेन्सिलने उडवून टाकलं होतं, माणूस तिथे दुखत होता. मला 'भिकारडं', त्यांना 'अक्कल'. आणि आम्ही दोघं भांडत होतो बिल आणि मेंटेनन्सवरून, कारण भांडायला कायद्यात तेवढीच जागा होती.

त्यानंतर जजसाहेबांनीच सुचवलं, एकाच बिल्डिंगमध्ये राहता, बघा मिटतंय का. मिटायला चार महिने लागले आणि ते चारही महिने एका शब्दावर गेले. त्यांचा मसुदा: 'मी केलेले आरोप खोटे, द्वेषमूलक व निराधार असून मी बिनशर्त जाहीर माफी मागतो.' मॅडम म्हणाल्या 'खोटे' आणि 'द्वेषमूलक' यावर सही म्हणजे उद्या दिवाणी दाव्यात तुमचाच कबुलीजबाब. आमचा मसुदा: 'पुरेशी माहिती नसताना केलेले विधान मागे घेतो व दिलगिरी व्यक्त करतो.' त्यावर त्यांचे वकील, दिलगिरी नको, माफी पाहिजे. आमच्याकडून 'खेद' गेला, तो तर लगेच परत आला, खेद म्हणे सरकार व्यक्त करतं. मी मॅडमना विचारलं काय फरक पडतो हो, तर म्हणाल्या, "दिलगिरी म्हणजे झालं ते वाईट झालं. माफी म्हणजे मी केलं ते वाईट केलं." शेवटी 'माफी' राहिली, 'बिनशर्त' गेलं, 'खोटे' च्या जागी 'पुराव्याविना'. आणि त्यांनी वडिलांबद्दलचं विधान मागे घ्यायचं, ते नियमित मेंटेनन्स भरत असत असं लिहून. मी माझी एनसी पुढे नेणार नाही, ते तक्रार मागे घेणार. जुलैत त्यांनी कोर्टात पुरसिस, म्हणजे तक्रार मागे घेतो असं लेखी निवेदन, दिली आणि पाच मिनिटांत सगळं संपलं. भरपाई शून्य. वकिलांची फी दोघांची वेगळी, तो आकडा बायकोने सांगू नका असं बजावलंय.

माफी ग्रुपवरच टाकायची होती. अॅडमिनने त्यासाठी ग्रुप अर्धा तास उघडला, आमच्या दोघांचे मेसेज आले, तेवढ्यात कुणीतरी दोन्हीवर अंगठा दिला, कुणीतरी हात जोडले, आणि तळमजल्यावरच्या एकाने संधी साधून पाणी कधी येणार ते विचारलं. मी दोन्ही मेसेज परत वाचले. 'भिकारडं' कुठेच नव्हतं, 'अक्कल' पण कुठेच नव्हतं.

चार-पाच दिवसांनी लिफ्टमध्ये भेटले. दोघंच. त्यांनी तिसऱ्याचं बटण दाबलं, मी सातव्याचं. बटणांकडे बघत म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या पावत्या मीच फाडायचो रे. एक तारखेला संध्याकाळी विचारायला यायचे, पावतीपुस्तक आलं का म्हणून."

"माहितीय काका. सगळ्यांवर सही तुमचीच आहे."

"ती दोन कोटेशनं मीटिंगला घेऊन ये. मी पण चष्मा घेऊन येतो."

मी हो म्हटलं. अकलेचं काहीतरी बोलायचं होतं मला, शब्द पण ठरवला होता मनात, दिलगिरी नाही, माफीच. पण तिसरा मजला आला आणि ते उतरले.